फ्रिथवर लिहायचे असेल, तर आधी त्याचे करार पाहावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कलेतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आपल्याला विल्यम पॉवेल फ्रिथ या व्हिक्टोरियन प्रसंगचित्रकाराच्या जीवनावर आणि कारकिर्दीवर दीर्घ निबंध लिहायचा आहे. त्याची गर्दीची चित्रे आपल्याला मनापासून आवडतात, पण वाचनात जागोजागी ‘लोकप्रिय, पण उथळ’ असा शेरा भेटतो. त्याने स्वतः लिहिलेल्या आठवणी हाताशी आहेत, मात्र त्या कितपत प्रमाण मानाव्यात हे समजत नाही. आणि लंडनला जाणे शक्य नसल्यामुळे, मूळ चित्रे न पाहता लिहिणे कितपत योग्य, अशीही शंका आपण बोलून दाखवली आहे. मी बरीच वर्षे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना चित्ररचना आणि युरोपीय कलेचा इतिहास शिकवत आलो आहे, आणि एकोणिसाव्या शतकावरचे निबंध तपासताना हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून सविस्तर लिहितो.

‘थोर की नुसताच लोकप्रिय’ या प्रश्नाभोवती निबंध उभा केलात, तर शेवटी आपल्या आवडीचे समर्थन तेवढे हाती लागेल. आपली खरी अडचण मला वेगळी दिसते. फ्रिथच्या बाबतीत चित्र, त्या चित्राचा पैसा आणि त्याने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की, एक सुटी करून पाहायला गेले की उरलेल्या दोन तिच्याबरोबर ओढल्या जातात. त्यामुळे कोणत्या गोष्टीपासून सुरुवात करायची, हे आधी ठरवावे लागते. मी पैशापासून, म्हणजे करारांपासून सुरुवात करायला सांगतो. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

काही गोष्टी अर्थातच आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपला निबंध समाजेतिहासाच्या अंगाने जाणारा असेल, तर चित्रातील माणसांचे वर्ग, पोशाख आणि व्यवसाय यांना अधिक जागा द्यावी लागेल. तो चित्रकलेच्या विभागात सादर होणार असेल, तर रचनेचे विश्लेषण केल्याशिवाय परीक्षकांचे समाधान होणार नाही. आपण दिलेल्या माहितीवरून दुसरी शक्यता मी गृहीत धरतो. पहिली असली, तरी पुढील विवेचनातील निम्मा भाग उपयोगी पडावा.

फ्रिथचा जन्म 1819 सालचा, यॉर्कशायरमधील रिपन गावाजवळच्या ऑल्डफील्डचा. राणी व्हिक्टोरिया आणि समीक्षक जॉन रस्किन यांचेही जन्मवर्ष हेच. वडील पुढे हॅरोगेटला हॉटेल चालवू लागले. आपल्याकडे चित्रकाराच्या चरित्रात मुलाची ओढ आणि बापाचा विरोध असा सामना बहुतेक ठरलेला असतो. इथे मात्र मुलाला लिलाव पुकारणारा व्हायचे होते आणि त्याने चित्रकार व्हावे ही इच्छा आईवडिलांची होती. 1835 मध्ये तो लंडनला हेन्री सॅस यांच्या शाळेत दाखल झाला. रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रवेशाची तयारी करून घेणारी ही शाळा होती. पांढऱ्या प्लास्टरच्या गोळ्याची छाया घोटणे, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत मॉडेल, असा तिथला क्रम होता. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ज्यांनी प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसून रेखाटने केली आहेत, त्यांना ही शिस्त वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पुढे शेकडो माणसे एका कॅनव्हासवर उभी करूनही फ्रिथच्या एकाही माणसाचा तोल ढळत नाही, त्याचे मूळ या कंटाळवाण्या वाटणाऱ्या शिक्षणात आहे, असे माझे मत आहे.

सुरुवातीला लिंकनशायरमध्ये हिंडून त्याने व्यक्तिचित्रे रंगवली. याच काळात रिचर्ड डॅड, ऑगस्टस एग, हेन्री ओनील, जॉन फिलिप अशा तरुण चित्रकारांच्या ‘द क्लिक’ नावाच्या मित्रमंडळात तो वावरत होता. उदात्त ऐतिहासिक चित्रांच्या ओझ्याखाली दबून न जाता लोकांना समजेल असे रंगवावे, हा त्या मंडळाचा साधारण कल होता. फ्रिथने शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, मोलिएर यांच्या साहित्यातील प्रसंग निवडले. डिकन्सच्या कादंबरीतील डॉली व्हार्डन रंगवली, तेव्हा खुद्द डिकन्सने 1842 मध्ये त्याच्याकडून दोन चित्रे मागवली, एक डॉलीचे आणि एक केट निकल्बीचे, आणि दोन्हींचे मिळून 40 पौंड दिले. हा आकडा टिपून ठेवा. 1845 मध्ये तो रॉयल अकॅडमीचा असोसिएट, म्हणजे सहयोगी सदस्य, झाला आणि चित्रकार टर्नरच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागेवर 1853 मध्ये पूर्ण सदस्य झाला. या टप्प्यावर आपल्या निबंधात फार वेळ घालवू नये. ही चित्रे सफाईदार आहेत, पण तशी चित्रे त्या काळी आणखी दहाजण रंगवत होते.

वळण येते ते ‘रॅम्सगेट सँड्स’ या चित्राने. 1851 च्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह रॅम्सगेटच्या समुद्रकिनाऱ्यावर होता आणि तिथली सुट्टीची गर्दी रंगवावी, असे त्याच्या मनात आले. तत्कालीन पोशाख चित्रात येणे अनेकांना ओबडधोबड वाटे. काळे कोट, उंच टोप्या, घेरदार स्कर्ट यांत सौंदर्य कुठून आणायचे, असा आक्षेप असे आणि त्याच्या ओळखीच्या चित्रकारांनीही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्याने निवडलेला दृष्टिकोन विद्यार्थ्यांना मी मुद्दाम दाखवतो. किनाऱ्याचे चित्र काढणारा माणूस सहसा जमिनीवर उभा राहून समुद्राकडे पाहतो. फ्रिथने पाहणाऱ्याला पाण्यात उभे केले आणि तोंड जमिनीकडे वळवले, त्यामुळे समुद्राकडे पाहत बसलेली सगळी माणसे आपोआप आपल्याला सामोरी आली. चेहरे दाखवण्यासाठी कोणालाही कृत्रिमपणे वळवून बसवावे लागले नाही. एवढा एक निर्णय त्या चित्राच्या निम्म्या यशाला पुरेसा आहे. 1854 मध्ये ते अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनात लागले आणि राणीला ते हवेसे वाटले. पण लॉइड या विक्रेत्यांनी ते 1,000 गिनींना (एक गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) आधीच घेतले होते. त्यांनी ते त्याच किमतीत राणीला दिले, मात्र त्यावरून छापचित्रे काढण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला.

इथे थांबून विचार करावा. विक्रेत्याने चित्र विनानफा सोडले आणि हक्क राखला, याचा अर्थ त्याला खरा माल कोणता हे कळले होते. त्या काळात मोठ्या चित्रावरून धातूच्या पत्र्यावर कुशल कारागीर वर्षानुवर्षे राबून कोरीवकाम करीत आणि त्यावरून काढलेल्या प्रती मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर जात. म्हणजे एका चित्रातून निदान तीन गोष्टी विकता येत होत्या: कॅनव्हास, छापण्याचा हक्क आणि तिकीट लावून चित्र दाखवण्याचा हक्क. आज चित्रपटाचे प्रदर्शन, दूरचित्रवाणी आणि गाणी यांचे हक्क वेगवेगळ्यांना विकले जातात, तशीच ही व्यवस्था होती. फ्रिथची कारकीर्द समजून घ्यायची तर या तीन वस्तूंना प्रत्येक वेळी कोणी किती मोल दिले, हे समोर ठेवावे लागते.

‘द डर्बी डे’ याचे सर्वोत्तम उदाहरण आहे. 1856 च्या मे महिन्यात फ्रिथने एप्समची डर्बी ही घोड्यांची शर्यत प्रथमच पाहिली. शर्यतीपेक्षा तिथली माणसे त्याला जास्त खिळवून ठेवत होती. जुगाऱ्यांच्या टेबलाशी तो स्वतःच इतका गुंतला की, वाटाणा कोणत्या वाटीखाली आहे हे आपल्याला नक्की कळले, अशा खात्रीने तो पैसे लावणार होता. मित्र एगने त्याला आवरले. हा प्रसंग त्याने स्वतःच सांगितला आहे, आणि चित्रात डावीकडे नेमका तोच डाव रंगलेला दिसतो. जेकब बेल याने हे चित्र 1,500 पौंडांना सांगून ठेवले. बेल हा औषधांचा मोठा व्यापारी, फार्मास्युटिकल सोसायटीचा संस्थापक, आणि तारुण्यात त्याच सॅसच्या शाळेत शिकलेला. छापण्याच्या हक्कासाठी अर्नेस्ट गाम्बार या विक्रेत्याने आणखी 1,500 पौंड दिले. कॅनव्हासला जेवढे मोल, तेवढेच हक्काला! डिकन्सच्या 40 पौंडांपासून इथपर्यंतचा प्रवास 16 वर्षांचाही नाही. प्रतीसाठी कोरीवकाम पॅरिसच्या ऑग्युस्त ब्लांशारकडे सोपवले गेले.

आता चित्राकडे या. ते साधारण एक मीटर उंच आणि सव्वादोन मीटर रुंद आहे. ज्या शर्यतीच्या नावाने ते ओळखले जाते, ती मागे कुठेतरी दूर आहे आणि बहुतेकांचे तिकडे लक्षही नाही. डावीकडे तो जुगाराचा अड्डा. खेड्यातून आलेल्या तरुणाला त्याची बायको मागे ओढते आहे, आणि शेजारी दोन्ही हात खिशात घालून उभा असलेला तरुण पूर्ण लुटला गेला आहे, त्याच्या घड्याळाची साखळीही नाही. मध्यभागी पांढऱ्या कपड्यांतला डोंबारी हात पसरून मुलाला उडी मारायला बोलावतो आहे, पण उपाशी मुलाची नजर शेजारी जमिनीवर जेवण मांडणाऱ्या नोकराकडे लागली आहे. उजवीकडे बग्ग्यांची रांग. एका बग्गीत भारी कपड्यांतली तरुणी खिन्न बसली आहे आणि तिला तिथे घेऊन आलेला पुरुष बग्गीला टेकून बेफिकीर उभा आहे.

वर्गात या चित्राची प्रत दिली की विद्यार्थी लगेच कथा सांगू लागतात. मी त्यांना आधी डोळे किलकिले करून फक्त पांढरे ठिपके शोधायला सांगतो, नंतर जाड कागदाच्या पट्टीने एकेक भाग झाकायला लावतो. डोंबारी आणि मुलगा झाकले की चित्र मधोमध तुटते, कारण डावी आणि उजवी गर्दी एकमेकांना बांधून ठेवणारा प्रकाश त्या दोघांवर आहे. मुलाची नजर झाकली की चित्राचा अर्थ जातो. श्रीमंतांचे खाणे आणि गरिबांचा खेळ यांना जोडणारी ती एकच रेषा आहे, आणि ती रंगाने न ओढता नजरेने ओढलेली आहे. ‘फ्रिथ म्हणजे नुसती कथा, रचना नाही’ असे म्हणणाऱ्याने हा प्रयोग एकदा करून पाहावा. वरचे मोकळे आकाशही असेच विचारपूर्वक सोडले आहे. ते नसते, तर इतकी माणसे डोळ्यांना सोसली नसती.

हे चित्र त्याने कसे घडवले, हेही निबंधात यावे. सुरुवातीला छोटी रेखाटने, मग संपूर्ण रचनेचे तैलरंगातील खर्डे, मग प्रत्येक आकृतीसाठी स्वतंत्र मॉडेल, असे काम वर्षभराहून अधिक चालले. डोंबारी बापलेक त्याने ड्रुरी लेन नाट्यगृहातील खेळातून आणले होते. रॉबर्ट हाउलेट या छायाचित्रकाराने एप्समची गर्दी आणि प्रेक्षकसज्जा यांची छायाचित्रे त्याच्यासाठी घेतली होती, पण आपल्या आठवणींत फ्रिथ छायाचित्रांना फारसे श्रेय देत नाही. 1858 मध्ये चित्र अकॅडमीत लागले तेव्हा गर्दी इतकी अंगावर येऊ लागली की, संरक्षणासाठी समोर कठडा बसवावा लागला आणि पोलीस उभा करावा लागला. डेव्हिड विल्की या चित्रकाराच्या 1822 सालच्या चित्रानंतर असा मान कोणाला मिळाला नव्हता. फ्रिथच्या वाट्याला असे कठडे आयुष्यात सहा वेळा आले. बेलने हे चित्र मृत्युपत्राने देशाला दिले आणि आज ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलादालनाच्या संग्रहात आहे.

चार वर्षांनी आलेल्या ‘द रेल्वे स्टेशन’ने व्यवहार आणखी पुढे नेला. लुई व्हिक्टर फ्लॅटो या विक्रेत्याने चित्र, खर्डा आणि सर्व हक्क मिळून 4,500 पौंड देऊ केले. पुढे अकॅडमीत चित्र न मांडण्याच्या अटीवर त्याने आणखी 750 पौंड दिले, कारण अकॅडमीत लागलेले चित्र लोक आधी तिथे पाहणार, मग त्याच्या दालनात तिकीट काढून कोण येणार? 1862 मध्ये हेमार्केटमधील दालनात ते मांडले गेले आणि 7 आठवड्यांत 21,150 लोकांनी पैसे देऊन पाहिले. पुढच्याच वर्षी फ्लॅटोने ते हक्कांसह हेन्री ग्रेव्ह्जला 16,300 पौंडांना विकले. 1883 मध्ये हेच चित्र औषधी गोळ्यांवर श्रीमंत झालेल्या टॉमस हॉलोवेने सुमारे 2,000 पौंडांना घेतले, आणि आजही ते सरेमधील एगम येथे त्याने उभारलेल्या कॉलेजात आहे. 16,300 आणि 2,000 हे दोन आकडे शेजारी ठेवून पुष्कळजण फ्रिथची किंमत वीस वर्षांत कोसळली, असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. ग्रेव्ह्जने मोजलेल्या रकमेत छापचित्रांचा संपूर्ण बाजार होता. हॉलोवेने घेतला तो बाजार होऊन गेल्यावर उरलेला कॅनव्हास. अभिरुची बदलली होती हे खरे, पण त्या दोन व्यवहारांत विकलेला माल एक नव्हता. करार पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून माझा आग्रह.

या चित्राची रचना डर्बीपेक्षा अवघड आहे, कारण मोकळे आकाश नाही. पॅडिंग्टन स्टेशनचे लोखंडी छत वर पसरले आहे. ते वास्तुकाम रंगवायला त्याने विल्यम स्कॉट मॉर्टनची मदत घेतली, आणि इंजिनासाठी सॅम्युएल फ्रायने काढलेली छायाचित्रे वापरली. गाडी सुटायला काही क्षण आहेत, एवढा एकच धागा सगळ्यांना बांधतो. मध्यभागी शाळेला निघालेल्या मुलाचा निरोप घेणारे कुटुंब हे फ्रिथचे स्वतःचे आहे. उजवीकडे डब्यात पाय टाकणाऱ्या गुन्हेगाराला दोन गुप्त पोलीस पकडत आहेत. त्यांसाठी हेडन आणि ब्रेट हे खरे पोलीस अधिकारी मॉडेल म्हणून बसले होते. इंजिनाजवळ चालकाशी बोलणारा गृहस्थ खुद्द फ्लॅटो आहे. ज्याने पैसे दिले तो चित्रात आहे, ज्याने रंगवले तोही आहे.

यानंतर गाम्बारने लंडनच्या रस्त्यांवरील सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन चित्रांसाठी 10,000 पौंड देऊ केले होते, पण राजपुत्र एडवर्डच्या 10 मार्च 1863 च्या विवाहाचे चित्र रंगवण्याची राणीची आज्ञा आल्यामुळे ते काम मागे पडले आणि कधीच झाले नाही. विवाहचित्राचे त्याला 3,000 पौंड मिळाले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे नुकसान आहे. विंडसरच्या त्या समारंभात प्रत्येक चेहरा ओळखू यायला हवा होता आणि प्रत्येकाचे स्थान आधीच ठरलेले होते. नजरेने रेषा ओढण्याची, अनोळखी माणसांना एकमेकांशेजारी आणून ठेवण्याची त्याची ताकद तिथे वापरताच आली नाही. लंडनचे रस्ते त्याने रंगवले असते, तर आज आपण त्याच्याविषयी वेगळे बोलत असतो.

पुढील काळात त्याने एकेका कथेचे अनेक चित्रांत तुकडे केले. 1878 ची पाच चित्रांची मालिका जुगाराने होणाऱ्या ऱ्हासाची होती. त्याच वर्षी चित्रकार व्हिसलरने आपल्या चित्रावरील टीकेबद्दल रस्किनवर केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात फ्रिथ रस्किनच्या बाजूने साक्षीला उभा होता. व्हिसलर जिंकला, पण भरपाई मिळाली एका फार्दिंगची, म्हणजे पाव पेनीची. 1883 मध्ये मांडलेल्या अकॅडमीच्या खासगी प्रदर्शनदिनाच्या चित्रात त्याने ऑस्कर वाइल्डला भक्तांच्या घोळक्यात दाखवले आणि जवळच कादंबरीकार ट्रॉलपला उभे केले. नव्या सौंदर्यवाद्यांविषयीची त्याची नाराजी त्यात उघड आहे. त्या चित्रालाही कठडा लागला होता, पण चित्रकारांची पुढची पिढी तोवर दुसरीकडे वळली होती. 1914 मध्ये क्लाइव्ह बेल या समीक्षकाने ‘रेल्वे स्टेशन’चे उदाहरण घेऊन, हे माहितीपूर्ण आहे पण कलाकृती नाही, असा निवाडा दिला. आपल्याला जागोजागी भेटणारा ‘उथळ’ हा शेरा बहुतांशी या निवाड्याचा वारस आहे. तो निवाडा खोडून काढत बसण्यापेक्षा तो कोणत्या साली, कोणत्या कलेच्या बाजूने दिला गेला, हे नमूद करावे आणि आपले विश्लेषण मांडावे.

येथपर्यंतचे सांगणे एकत्र करायचे तर: साहित्यातील प्रसंगांचा काळ थोडक्यात, 1854 ते 1862 ही वर्षे करार आणि रचना या दोन्ही अंगांनी सविस्तर, विवाहचित्र हा तोटा म्हणून, आणि उत्तरकाळ निवडक, असा आराखडा मी सुचवेन.

आता त्याच्या आठवणींविषयी. त्या 1887 आणि 1888 मध्ये तीन खंडांत आल्या, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. माझा अनुभव असा की, चित्रकारांच्या आत्मकथनांत सर्वांत भरवशाचा भाग कामाच्या पद्धतीचा आणि देण्याघेण्याचा असतो, आणि फ्रिथच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. किमती, मॉडेलांच्या अडचणी, ग्राहकांशी झालेली बोलणी तो मोकळेपणाने सांगतो. गप्पा आणि किस्से मात्र जेवणाच्या टेबलावर अनेकदा सांगून गोटीसारखे गुळगुळीत झालेले आहेत, ते दुसऱ्या आधाराशिवाय वापरू नयेत. आणि काही गोष्टींवर तो पूर्ण गप्प आहे. पत्नी इझाबेलपासून त्याला 12 मुले झाली. त्याच काळात मेरी अल्फर्ड या स्त्रीबरोबर त्याचा दुसरा संसार होता आणि तिच्यापासून 7 मुले. इझाबेल 1880 मध्ये वारल्यावर त्याने 1881 मध्ये मेरीशी लग्न केले. आठवणींत यातले काहीही नाही. निबंधात हे चवीने रंगवण्याची गरज नाही, पण टाळूही नये. एकोणीस मुलांचा बाप असलेल्या माणसाला सतत मोठ्या उत्पन्नाची गरज होती, आणि यशस्वी चित्रांच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा रंगवण्यामागे ती असावी, असा माझा तर्क आहे. आपण वापरलात, तर तर्क म्हणूनच वापरा. मँचेस्टरच्या कलादालनात ‘डर्बी डे’ची जी आवृत्ती आहे ती त्याने 1893-94 मध्ये, पंचाहत्तरीच्या सुमारास रंगवली. 1909 मध्ये तो वारला, तेव्हा त्याने उंचीवर नेलेला छापचित्रांचा धंदाही ओसरला होता.

राहिला मूळ चित्रे पाहण्याचा प्रश्न. ‘डर्बी डे’सारख्या चित्राची पुस्तकातील प्रत पाहून हावभाव आणि कथा यांविषयी लिहिता येते, पण रंगलेपनाविषयी लिहू नये, छपाईत चेहरे कठीण दिसतात आणि मुळातले पातळ, जलद हाताचे काम हरवते. संग्रहालयांनी संकेतस्थळांवर ठेवलेल्या मोठ्या प्रतिमा यापेक्षा बऱ्याच उपयोगी आहेत. मात्र फ्रिथ पाहायला लंडनलाच जावे लागते, ही आपली समजूत खरी नाही. त्याची 1880 सालची ‘द रेस फॉर वेल्थ’ ही पाच चित्रांची संपूर्ण मालिका बडोद्याच्या संग्रहालय आणि चित्रदालनाच्या संग्रहात आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेल्या या चित्रदालनासाठी युरोपीय चित्रांची निवड लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्या सल्ल्याने झाली. दालनाची इमारत 1914 मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रे युरोपातच अडकली आणि ते 1921 मध्ये खुले झाले.

ही मालिका लबाड भांडवलदाराची आहे. पहिल्या चित्रात त्याच्या कचेरीत गुंतवणूकदार जमले आहेत, दुसऱ्यात त्याच्या घरचा थाट, तिसऱ्यात कंपनी बुडाल्याची बातमी न्याहारीच्या वेळी एका धर्मोपदेशकाच्या घरी पोहोचते, चौथ्यात न्यायालय, आणि शेवटी मिलबँक तुरुंगाच्या आवारात इतर कैद्यांबरोबर फिरणारा तोच माणूस. शेअरबाजारातील फसवणुकीवर इतक्या बारकाईने रंगवलेली दुसरी व्हिक्टोरियन मालिका मला माहीत नाही, आणि निबंधाचे अखेरचे प्रकरण तिच्यावर असावे, असे मला वाटते. पहिले आणि पाचवे चित्र शेजारी ठेवून अभ्यासा: कचेरीच्या चित्रात गर्दी रचण्याचे जुने कसब शाबूत आहे का, नजरा अजून एकमेकींना जोडतात का, आणि जिथे सगळ्यांचा पोशाख एकच आहे, वर्ग पुसले गेले आहेत, त्या तुरुंगाच्या आवारात त्याने माणसे वेगळी कशाने केली, हे प्रत्यक्ष कॅनव्हाससमोर उभे राहून टिपून घ्या. जाण्यापूर्वी संग्रहालयाला पत्र लिहून ही चित्रे सध्या मांडलेली आहेत का, हे विचारून घ्यावे, आणि मांडलेली नसतील, तर विभागप्रमुखांच्या शिफारसपत्रासह अभ्यासासाठी दाखवण्याची रीतसर विनंती करावी.